शेजारच्या सीटवरून

४ ऑक्टोबर, शनिवार

निघायचं सातला ठरलं होतं, निघालो पावणेनऊला. कारण मेव्हण्याने गाडी ताब्यात देताना एकूण एक कप्पा उघडून दाखवला. हा बायकोचा थोरला भाऊ. त्याची ही कॅम्पर म्हणजे मुळात पाव पोचवणारी जुनी व्हॅन. आत त्याने प्लायवूडचा पलंग ठोकला आहे, एका शेगडीपुरता ओटा केला आहे, पिवळे पडदे लावले आहेत आणि मागच्या काचेवर 'आमचं घर, आमची चाकं' असं चिकटवलं आहे. ज्याला आजवर एकदाही गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या आत उभी करता आली नाही, त्याला जगाला काहीतरी सांगायची फार हौस. पलंगाच्या कडेला रंधा मारायचा राहून गेलाय हे मी बोट फिरवून दाखवलं, तर म्हणतो, "जावईबापू, तिथे बोट फिरवणारे तुम्ही पहिलेच."

ही वही अशासाठी की तीन आठवड्यांनी वाद व्हायला नको. बायको अठरा वर्षं एका चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. आता एका संस्थेने तिला बोलावलंय. त्यांची अशीच एक गाडी आहे. ती घेऊन वर्षातले दहा महिने खेडोपाडी हिंडायचं, लोकांचे डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे. गाडी आपणच चालवायची, राहायचंही तिच्यातच. पंचवीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी म्हणालो, तुझा परवाना चौदा महिन्यांचा, तू दहा महिने गाडी काय हाकणार? हे नवऱ्याचं मत नव्हे. मी एकोणीस वर्षं परवान्याच्या परीक्षा घेतोय.

ती म्हणाली, "मग बस की शेजारी तीन आठवडे. तुझा तो तक्ताही घे. आपल्याला जमतंय का बघू."

ऑफिसातले कोरे तक्ते घेतले आहेत. पंधरा लहान चुका किंवा एक मोठी, की नापास. निकाल शेवटच्या आठवड्यावर लावायचा, हेही दोघांत ठरलंय. नापास झाली तर विषय कायमचा बंद. मी सवलत देणार नाही आणि जाचही करणार नाही.

संस्थेला नोंदी लिहायला एक सोबतीही हवा असतो. नवरा-बायको असतील तर उत्तमच, असं त्यांच्या पत्रात आहे. ते वाक्य तिने मला दोनदा वाचून दाखवलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडून मी गावोगाव वही धरून बसेन, असं ज्याला वाटतं त्या पत्रलेखकाचं कौतुक आहे.

आज लहान चुका अकरा. मोठी एक, उतारावर क्लच दाबून गाडी सोडून दिली. नापास.

६ ऑक्टोबर, सोमवार

तळ्याकाठी गाड्या उभ्या करायची जागा आहे, तिथे दोन दिवस. शेजारी एक निवृत्त जोडपं. त्यांच्या कॅम्परला बाहेर काढायचं छप्पर आहे, घडीच्या खुर्च्या आहेत, कुंड्यासुद्धा आहेत. शहरातलं घर सोडून यायचं आणि तेच घर लहान करून चिखलात मांडायचं, याला हे लोक मोकळेपणा म्हणतात. गृहस्थ सकाळी हातात कप घेऊन आले आणि म्हणाले, "काय मग, नवीन का?" जणू ही पण एक जमात आहे आणि आपण तिच्यात भरती झालोय.

बायको त्यांच्याकडे तासभर जाऊन बसली. परत आली ती पाण्याची टाकी कशी धुवायची, उतारावर पलंग सपाट कसा करायचा, असलं ज्ञान घेऊन. "तुला झोप लागली का रे रात्री?" तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. प्लायवूड करकरतं, पाय पसरता येत नाहीत, आणि दात घासताना शेजारच्या माणसाला सुप्रभात म्हणावं लागतं.

"पलंग लांब करता येईल," ती म्हणाली.

"कशाला? अठरा दिवसांसाठी?"

ती उठली. कपडे वाळत घालायला गेली.

वरचं वाचलं. त्या गृहस्थांबद्दल लिहिताना मी अकारण तिखट झालोय का? तपासून पाहिलं. कुंड्या खरोखरच होत्या. राहू दे.

८ ऑक्टोबर, बुधवार

लहान चुका नऊ. मोठी नाही.

ती भिंगांची पेटी बरोबर घेऊन आली आहे, हे मला आज कळलं. दुपारी एका फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाली बाई सुटे पैसे डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत होती. झालं. बायकोने तिला बाकावर बसवलं, नाकावर ती जडशीळ गोल फ्रेम चढवली आणि एकेक भिंग घालत सुरू, "हे बरं की हे? आता? हे बरं की आधीचं?" दहा मिनिटांत चौदा माणसं गोळा. एका ट्रकवाल्याने तर ट्रक रस्त्यातच सोडला. कुठल्याही गोष्टीभोवती कोंडाळं करायला या लोकांना फक्त निमित्त लागतं. चहा उतू गेला तिकडे कोणाचं लक्ष नाही.

"जरा नावं आणि आकडे लिहून घेतोस?" बायको म्हणाली.

घेतले. काम आलं की मी ते नीट करतो. वय विचारलं तर एकही धड सांगेना. "लिहा पन्नास, साहेब." "पन्नास की पन्नासच्या आसपास?" "तुम्हाला किती वाटतं?" आणि सगळे खिदळले. टपरीवालीने मला फुकट चहा दिला, तोही गार.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "सुंदर अक्षरात लिहिलंस रे. मजा आली की नाही?"

मी म्हटलं, दोन किलोमीटर झाले तुझा इंडिकेटर चालू आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लहान चुका सात. उजवा पाय दुखतोय. परीक्षेच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. इथे नाही, तरी पाय दाबला जातोच. खालचा रबर चेपलाय. बायको म्हणाली, "तिथे काही नाहीये रे." मला माहीत आहे तिथे काही नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हे गाव डोंगराच्या कुशीत आहे, म्हणजे वळणांवर रुंदी मोजून मगच यावं असं. ती आली. लहान चुका पाच.

गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेने ओसरी मोकळी करून दिली आणि सकाळपासून रांग. वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता असतो. त्यावर तीन दातांची एकच खूण असते, कुठे वर तोंड करून, कुठे खाली, कुठे बाजूला. दात जिकडे, तिकडे समोरच्याने बोटं करायची. बायको भिंगं बदलणार, मी सहा मीटरवर छडी घेऊन उभा. तिने फार आर्जव केलं म्हणून.

अकराव्या नंबरावर एक म्हातारी. दोन वर्षं सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाली. मी तिसऱ्या ओळीवर छडी ठेवली. तिने बोटं वर केली.

"चूक," मी म्हणालो.

तिने खाली केली.

"चूक. अंदाजाने सांगू नका."

ओसरीवरच्या दोघीतिघी हसल्या. मग पुढच्या तीन खुणा तिने बरोबर सांगितल्या, आणि मला संशय आला. मी छडी हलवायच्या आधीच तिची बोटं हलत होती. ती तक्त्याकडे बघतच नव्हती. मी जिकडे बघत होतो ते ताडून सांगत होती. एकोणीस वर्षांत मी सगळे प्रकार पाहिले आहेत. मी तिला स्पष्ट म्हणालो, "आजी, तक्त्याकडे बघा, माझ्या तोंडाकडे नको. पुन्हा पहिल्यापासून."

म्हातारी उठली. फ्रेम काढून बायकोच्या हातात ठेवली. "राहू दे गं बाई. मला नाही येत हे," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

बायको माझ्याजवळ आली. आवाज हळू, पण ती अशी बोलते तेव्हा मला ओरडलेलं परवडतं. "ही परीक्षा नाही रे. यात कोणी चुकत नाही. तिला दिसत नाही, एवढंच ती सांगत होती."

"ती फसवत होती."

"कोणाला?"

उत्तर देणार होतो, पण ती पेटी घेऊन म्हातारीच्या मागे गेलीसुद्धा. रांग तशीच ताटकळत. दोन तासांनी आली, चेहरा ओढलेला. उन्हात चढ चढायची सवय नाही. पेटी जागेवर ठेवली. मी विषय काढला नाही. माझं चुकलं का, हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. नियमाने पाहिलं तर चुकलेलं नाही. आकडा खोटा लागला असता तर चष्माही खोटा बनला असता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

निघण्याआधी बायको मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढून वीस मिनिटं बोलत होती. भावाशी असावं, पाण्याच्या पंपाबद्दल. उतरली तेव्हा डोळे लाल. वारा बोचरा आहे इथे.

लहान चुका तीन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लहान चुका: शून्य.

हे लिहायला वेळ लागला. एकशे चाळीस किलोमीटर, त्यात दोन घाट, एक गुरांचा कळप, आणि अरुंद बोळातून मागे घेणं. बोळाच्या तोंडाशी दहाएक रिकामटेकडे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. त्यातल्या एकाकडेही तिने लक्ष दिलं नाही. पद्धत अगदी परीक्षेत लागते ती. गाडी भिंतीपासून वीतभर ठेवून काढली.

संध्याकाळी तक्ता पुढे घेऊन मी एक चूक लिहिली, 'इंडिकेटर किंचित उशिरा'. मग आठवून पाहिलं. उशिरा नव्हता. खोडलं. हे मी का केलं? आपल्या माणसाला सवलत मिळू नये म्हणून जास्त कडक होणं, असा एक दोष असतो, हे मला ठाऊक आहे. तोच असणार.

एका गोष्टीचा संताप येतो. परीक्षेला येणारे सगळे घाबरलेले असतात. ही गाणं गुणगुणते. सूर कच्चा आणि शब्द तर सगळे चुकीचे.

१९ ऑक्टोबर, रविवार

परीक्षकाला हस्तक्षेप करावा लागला. नापास.

नियम इतका स्पष्ट आहे की पुढे काही लिहायची गरज नाही. तरी घडलं ते लिहितो.

उतारावर अरुंद पूल. समोरून चारा लादलेला ट्रॅक्टर, रस्त्याच्या दोन्ही कडांना घासत येणारा, जसा तो प्रत्येक खेड्यात येतो, जणू रस्ता त्याच्या आजोबांना आंदण मिळालाय. पुलाच्या अलीकडे मला वाटलं, ती थांबत नाही. पायाखाली ब्रेक नव्हता. मी स्टिअरिंग धरून माझ्या बाजूला ओढलं. पुढचं चाक गटारात गेलं, कॅम्पर एका अंगावर कलली, कप्पे धाडधाड उघडले आणि मेव्हण्याच्या सगळ्या बरण्या खाली आल्या. कोणाला लागलं नाही.

बायको दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. दाढी वाढलेली, तोंडात काडी. त्याने दोर बांधून गाडी ओढून काढली, आणि मला न विचारलेलं मत दिलं, "साहेब, वहिनी थांबल्याच होत्या की. मी हात केला, त्यांनी हात केला. तुम्ही कशाला मध्ये पडलात?"

"तुम्ही तुमचा चारा आधी नीट बांधा," मी म्हणालो.

"बांधलेलाच आहे," तो म्हणाला. "पडलं ते तुमचं."

आणि बायको हसली. या माणसासमोर.

२० ऑक्टोबर, सोमवार

चाकाचं काम करून घ्यायला गॅरेजमध्ये दिवस गेला. मिस्त्री पाना शोधतो, मग पाना ठेवलेला डबा शोधतो, मग डब्याचं झाकण. मी स्टुलावर बसून होतो, विचार करायला भरपूर वेळ.

कालचा प्रसंग क्षणाक्षणाने मांडून पाहिला. मी हात घातला तेव्हा वेगाचा काटा शून्यापाशी होता. हे मी पाहिलं होतं. पाहूनही ओढलं. हस्तक्षेप करावा लागला नाही. मी केला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. वर्षाला तीसचाळीस जणांच्या तक्त्यावर मी 'हस्तक्षेप' लिहितो. पाय माझा असतो. निर्णयही माझा. गाडी थांबते, कारण मी थांबवतो, आणि मी नसतो दाबला ब्रेक तर काय झालं असतं, हे कोणाला कधी कळतच नाही. एक बाई आठवते. चाळिशीतली, हातात रुमाल. "मी थांबतच होते हो," म्हणाली. मी म्हणालो होतो, "सगळे असंच म्हणतात."

सगळे असंच म्हणतात, हे खरं आहे. ते का म्हणतात, हे मी कधी पाहिलं नाही.

मिस्त्रीने चाक उलटं लावलं होतं. माझ्या लक्षात आलं म्हणून.

२२ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी नवा तक्ता घेऊन निकाल स्वच्छ अक्षरात लिहिला. 'हस्तक्षेप अनावश्यक, दोष परीक्षकाचा. उत्तीर्ण.' खाली सही. नोकरीत मी स्वतःचा शेरा कधीही फिरवलेला नाही. ती भारावेल असं वाटलं होतं, हे कबूल करतो. त्याहीपुढचं मनात होतं. ती म्हणेल, चल ना माझ्याबरोबर. मी थोडे आढेवेढे घेईन. मग बिनपगारी रजेचा नियम पाहता येईल.

आज सकाळी ती दारात बसून बटाटे सोलत होती.

"तुझा निकाल."

"ठेव तिथे."

"वाच तरी."

तिने हात पुसले, वाचलं. "बरं झालं," म्हणाली. "तुला हे लिहायला जड गेलं असेल." आणि पुढचा बटाटा घेतला.

"एवढंच?"

"अरे, मी होकार कळवला. चौदा तारखेलाच."

"निकालाच्या आधी?"

"गाडी मला येते हे मला कधीच कळलं होतं. तू रोज मोजत होतास म्हणून मोजू दिलं."

"मग तीन आठवडे कशासाठी?"

"आपल्याला जमतंय का बघायला. म्हटलं होतं ना तुला."

"आणि मला न विचारता ठरवलंस?"

"रोज विचारत होते की."

"काय विचारत होतीस? झोप लागली का, मजा आली का?"

"हं. तेच."

याला मी विचारणं म्हणत नाही. प्रश्न असा असावा की उत्तर देणाऱ्याला कळलं पाहिजे आपल्याला काय विचारलंय. हे मी तिला सांगितलं. तिने सोललेले बटाटे पाण्यात टाकले.

"नोंदी लिहायला तुमचंच कोणीतरी द्या, असं सांगितलंय मी त्यांना," ती म्हणाली. "त्या आजींच्या घरी मी दीड तास बाहेर उंबऱ्यावर बसले होते, माहितीये? दारच उघडेनात. म्हणाल्या, त्या मास्तरला आधी घालव."

"मी मास्तर नाही."

"नाहीस. मी तेच सांगितलं त्यांना."

"म्हणजे तू मला नापास केलंस."

"नाही रे बाबा." तिला हसू आलं आणि मग आलं तसं गेलं. "वर्षातले दोन महिने घरीच असेन मी. तू तुझं ऑफिस सांभाळ. तुला तिथे बरं वाटतं."

बाहेर कोणीतरी काका "चष्मेवाल्या ताई आहेत का?" म्हणून आला. ही "आले हं" म्हणत उठली. लोकांना वेळकाळ नाही.

बटाटे मी उकडले. मीठ जास्त झालं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मी बसने परत जायचं, तिने गाडी भावाला पोचवून तिकडूनच संस्थेत जायचं, असं ठरलं. सरळ आहे. माझी रजा रविवारी संपते.

बसस्थानक म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली बंद पडलेलं घड्याळ. बाकावर एक माणूस आडवा, त्याच्या उशाला कोंबड्यांची टोपली. चौकशीच्या खिडकीत कोणी नाही, पण पंखा चालू. अशा ठिकाणी ती दहा महिने काढणार, स्वखुशीने. मला हे कधी कळणार नाही, आणि ते कळण्यासारखं आहे असंही मला वाटत नाही.

तिने माझी बॅग काढून दिली. डब्यात पाव आणि अंडी. "गोळी जेवणानंतर घे," म्हणाली. "पोचलास की फोन कर."

"टायरमधली हवा सोमवारी तपास," मी म्हणालो. आणखी बोलायचं होतं. कोंबड्या ओरडत होत्या.

ती गाडीत बसली. पट्टा लावला. मी खांबापाशी उभा राहिलो, तिला सहज दिसेन असा. सुरू करून तिने मान वळवली, बाजूच्या आरशात पाहिलं, आणि क्षणभर मला वाटलं, आता हात करेल. मीही हात थोडा वर घेतला. पण मागून बस येत होती, ती तिचा अंदाज घेत होती. बस जाऊ दिली, पुन्हा एकदा पाहिलं, मग गाडी रस्त्यावर घेतली.

बरोबर आहे. निघताना आरशात माणूस नव्हे, वाहन बघायचं असतं.

लहान चुका: शून्य.